रेशन फुकट झालं, तरी किराण्याची उधारी का वाढली? एका महिन्याची वही

अबोली

नमस्कार मंडळी.

मी पुण्यात एका वस्तीत बचत गटांचं काम करते. मार्चच्या बैठकीत दोघींचं चांगलंच वाजलं. हप्ता थकला म्हणून एकीने दुसरीला सुनावलं, "तुला काय, तुझं रेशन फुकट." दुसरी उसळली, "फुकट रेशनवर घर चालतं असं वाटतंय ना, मग महिनाभर माझ्या चुलीपुढे येऊन बस." भांडण मिटवता मिटवता ठरलं की ज्यांना जमेल त्यांनी एक महिना खाण्यावर गेलेला प्रत्येक रुपया लिहायचा. अकरा जणी तयार झाल्या, सात जणींनी शेवटपर्यंत लिहिलं. ज्या ताईवरून वाद झाला तिचीच वही माझ्यासमोर आहे. तिला विचारूनच लिहितेय.

घरात पाच माणसं. नवरा सेंटरिंगच्या कामावर, ती दोन घरची पोळीभाजी करते, सासू आणि दोन मुलं. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, पण कार्डावर नावं चारच, धाकट्याचं अजून चढलेलं नाही. माणशी पाच किलो म्हणजे महिन्याला वीस किलो. बारा किलो तांदूळ, आठ किलो गहू.

आता "फुकट" या शब्दाचा हिशेब बघा. जानेवारी २०२३ च्या आधी या वीस किलोचे ती किती द्यायची? तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो. बारा त्रिक छत्तीस आणि सोळा, एकूण बावन्न रुपये. धान्य फुकट झाल्यावर तिचे महिन्याचे बावन्न रुपये वाचले. पण त्याच वेळी दुसरी एक गोष्ट झाली, तिची चर्चा फार झाली नाही. करोनात एप्रिल २०२० पासून जे माणशी पाच किलो जादा मिळत होतं ते डिसेंबर २०२२ ला थांबलं. म्हणजे घरात येणारं धान्य चाळीस किलोवरून वीस किलोवर आलं. कमी झालेले वीस किलो दुकानातून आणायचे तर सहाशेच्या खाली भागत नाही. ज्या महिन्यात "आता सगळं फुकट" अशी बातमी आली, त्याच महिन्यापासून तिचा धान्याचा खर्च वाढला. हे तिला वही लिहायच्या आधीच माहीत होतं. मला मात्र तिने बोटं मोजून दाखवलं तेव्हा कळलं.

वहीत महिन्याचं खाणं पाच हजार सातशेच्या घरात गेलंय. त्यात विकतचं धान्य चारशे वीस रुपयांचं. बाकी सगळं भाजी, दूध-चहा-साखर, तेल, डाळ, थोडी अंडी आणि मुलांची बिस्किटं-वडापाव. रेशन ज्या वस्तूचं आहे तीच तिच्या बिलातली सगळ्यात छोटी रक्कम आहे.

आणखी एक. त्या महिन्यात दुकानात माल आला १८ तारखेला. वहीत १ ते १७ या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी नोंद आहे: "तांदूळ १ कि.", "आटा पाकीट १ कि.", "तेल पाव". सगळं उधारीवर, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, किलोमागे चार-सहा रुपये जास्त देऊन. १८ नंतर या नोंदी बंद. २० तारखेला पहिल्यांदा एकदम पाऊण किलो तूरडाळ आणि अर्धा डझन अंडी. पान बघताना मला त्या दिवशी घरात काय शिजलं असेल ते डोळ्यापुढे आलं.

तुमच्याकडे कसं आहे? रेशनमुळे वाचलेला पैसा घरात कुठे जातो? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा.

मापारी

अबोलीताई, आमचं घराणंच रेशन दुकानाचं. वडिलांनी चालवलं, आता मी बघतो. सातारा बाजूला.

१८ तारखेबद्दल दुकानदाराला शिव्या मिळतात, म्हणून आधी तेच सांगतो. गोदामातून गाडी सुटल्याशिवाय माझ्याकडे पोतं येत नाही, आणि पोतं आलं तरी मशीनवर साठा दिसल्याशिवाय मला वाटता येत नाही. महिन्याच्या सुरुवातीला सर्व्हर बसतो. बायका रोज बुडवून रांगेत उभ्या, अंगठा लागत नाही, धुणीभांडी करून रेषा पुसलेल्या. "उद्या या" म्हणताना मलाच लाजल्यासारखं होतं. रोजंदारीवरच्या बाईला दोन हेलपाटे पडले तर त्या महिन्याच्या धान्यातलं बरंचसं तिथेच गेलं. हा खर्च कुठल्या वहीत येत नाही.

दुसरं डाळीचं. २०१८ मध्ये सरकारने रेशनवर तूरडाळ ३५ रुपये किलोने दिली होती. आमच्याकडे आलेला माल दोन दिवस टिकायचा नाही. करोनात कार्डामागे महिना एक किलो डाळ, नंतर हरभरा आला, तोही लोकांनी आठवणीने मागून नेला. तांदूळ न्यायला कधीकधी पंधरा दिवस लावतात, डाळीला कोणी लावत नाही. गरज कशाची आहे हे माझ्या काउंटरवर उभं राहिलं की कळतं.

सांजवात

लेख आवडला. पण एक विचारते, राग मानू नका. आमच्या सोसायटीच्या गेटवर दर महिन्याला एक माणूस टेम्पो घेऊन येतो आणि रेशनचा तांदूळ विकत घेतो. देणाऱ्या बायका आमच्याकडे कामाला येणाऱ्याच. गरज नसताना मिळतंय म्हणूनच विकत असतील ना?

अबोली

सांजवातताई, राग कसला. विकतात, खरं आहे. हे नियमात बसत नाही हेही खरं. पण त्या सात वह्यांमध्ये दोघींनी तांदूळ दिलेला आहे आणि दोन्ही वह्यांत त्याच दिवशी पुढची ओळ ज्वारीची आहे.

मूळ सोलापूर, लातूरकडच्या या बायका. घरात दोन वेळा भाकरी लागते. कार्डावर तांदूळ जास्त, गहू कमी, ज्वारी बहुतेक महिने नाहीच. मग तीन किलो तांदूळ देऊन जेवढे येतात त्यात एक किलो ज्वारी येते. हा सौदा तोट्याचा आहे हे त्यांना कोणी शिकवायला नको. एकीची सासू मधुमेहाची आहे, डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलाय. तिने काय करावं? गरज नसती तर त्या पैशातून ज्वारी आणली नसती.

कोष्टक

माझा अभ्यासाचा विषय हाच, म्हणून थोडं लांबण लावतो.

समजा एखाद्या घराला महिन्याला पन्नास किलो धान्य लागतं आणि रेशनवर वीस मिळतं. उरलेलं तीस ते बाजारातून घेणारच. अशा घरात रेशनमुळे धान्याचं खाणं फारसं वाढत नाही, वीस किलोचे पैसे सुटतात आणि ते कुठेही जाऊ शकतात. ज्या घराला रेशनशिवाय वीस किलोसुद्धा घेता आलं नसतं, तिथे मात्र ताटातला घास वाढतो. आपल्याकडे बहुतेक घरं पहिल्या प्रकारची आहेत. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत माणशी महिन्याला ग्रामीण भागात ११.२ किलो आणि शहरात ९.३ किलो धान्य खाल्लं जात होतं. अन्न सुरक्षा कायद्याचं ५ किलो म्हणजे साधारण निम्मं.

म्हणून अबोलीताईंच्या वहीत २० तारखेला अंडी दिसली हे महत्त्वाचं. सुटलेला पैसा ताटातच परत आला. प्रत्येक घरी तसंच होईल असं नाही. फीला जातो, औषधाला जातो, हप्त्याला जातो.

देशपातळीवरही चित्र बदललंय. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा ५९ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ४६. एकूण खर्चातला नुसत्या धान्याचा वाटा २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास आला. धान्यावरचा खर्च आटला, दूध, फळं, तयार खाऊ यांवरचा वाढला. यात रेशनचा हात आहे, पण सगळं श्रेय रेशनचं नाही. कष्टाची कामं बदलली, आवडी बदलल्या, उत्पन्नही वाढलं.

२०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये निघाला. सरकारकडून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली की ४,२४७. फरक सव्वाशे रुपयांचा, आणि यात धान्याशिवायच्या वस्तूही आहेत. ही सगळ्यांची सरासरी आहे. ज्या घराचा माणशी खर्च दोन हजारांच्या आत आहे, तिथे हेच सव्वाशे केवढे होतात ते वेगळं सांगायला नको.

वऱ्हाडी ठेचा

आम्ही अकोला जिल्ह्यातले. आमच्याकडे दुकानाला अजून कंट्रोलच म्हणतात.

आमचं कार्ड केशरी, शेतकऱ्याचं. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आमच्यासारख्यांना आधी दोन-तीन रुपये किलोनं माणशी पाच किलो भेटायचं. ते बंद झालं आणि २०२३ पासून त्याच्या जागी खात्यात पैसे, माणशी महिना दीडशे रुपये. मग २०२४ मध्ये एकशे सत्तर केले. चार माणसांचे सहाशे ऐंशी.

माझ्या सासऱ्यांना पैसेच पसंत. घरी ज्वारी पिकते, गहूही थोडा होतो. ते म्हणतात, आपल्याच घरचं धान्य असताना कंट्रोलचं कशाला. माझं मत उलटं आहे. धान्य घरात आलं की ते माझ्या डब्यात पडायचं, त्याला कोणी हात लावत नव्हतं. पैसे खात्यात येतात तेही दरमहा नाही, कधी तीन महिन्यांचे एकदम. तेव्हा नेमकी फवारणी असते, नाहीतर बियाण्याचं देणं. एकदा दोन हजारांच्या वर जमा झाले, त्यातला एक रुपया स्वयंपाकघरात आला नाही. चुकीच्या ठिकाणी गेले असं नाही म्हणत, शेतीतच गेले. पण त्या महिन्यात डाळ मी मोजूनच टाकली.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहते, शनिवारी इथल्या एका अन्नवाटप केंद्रात मदतीला जाते. वऱ्हाडीताईंनी लिहिलं त्यावर इथे चांगला अभ्यास झालाय म्हणून लिहिते.

अमेरिकेत गरीब कुटुंबांना स्नॅप नावाच्या योजनेत दर महिन्याला कार्डावर रक्कम येते. त्यातून किराणा घेता येतो, साबण किंवा गरम तयार जेवण नाही. अर्थशास्त्राचं पुस्तक म्हणतं की लोक खाण्यावर त्याहून जास्त खर्च करतच असतात, तेव्हा ही रक्कम आणि रोख सारखीच. हेस्टिंग्ज आणि शापिरो या दोघांनी किराणा साखळीतल्या खरेद्यांच्या नोंदी तपासल्या. २०१८ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधात असं निघालं की कार्डावरच्या प्रत्येक डॉलरमागे अन्नावरचा खर्च ५० ते ६० सेंटांनी वाढतो, तर रोख डॉलरमागे १० सेंटच्या आसपास. वऱ्हाडीताईंचं "माझ्या डब्यात पडायचं" म्हणजे हेच. पैशाला घरातली माणसं मनातल्या मनात नाव देतात आणि त्या नावाने तो खर्च होतो.

आमच्याकडेही महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रांग सगळ्यात लांब असते. कार्डावरचे पैसे तोवर संपलेले असतात.

कोष्टक

दूरदेशी, अगदी बरोबर. आपल्याकडचं उदाहरण रांचीजवळच्या नगडी तालुक्याचं. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथे प्रयोग सुरू झाला: एक रुपया किलोचा तांदूळ बंद, आधी खात्यात पैसे, ते काढून आणायचे आणि त्याच रेशन दुकानात ३२ रुपये किलोने तांदूळ घ्यायचा. बँक लांब, पैसे आले की नाही हे कळायला एक फेरी, काढायला दुसरी, दुकानात तिसरी. लोक मोर्चा घेऊन रांचीला गेले. २०१८ मध्ये सरकारने प्रयोग गुंडाळला.

पण रोख रक्कम वाईटच असं मी म्हणणार नाही. बँक जवळ असेल, पैसे ठरल्या तारखेला येत असतील आणि ते बाईच्या हातात पडत असतील तर गोष्ट वेगळी होते.

पाचट

बीड जिल्हा. मी शिक्षक आहे, माझ्या वर्गातली अर्धी मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात.

या घरांचं रेशन कार्ड गावात आणि चूल सहा महिने कारखान्याच्या फडावर. एक देश एक रेशन कार्डामुळे आता कुठेही अंगठा लावून धान्य घेता येतं, कागदावर चांगली सोय आहे. पण पहाटे चारला फडात जाऊन अंधार पडल्यावर परतणाऱ्या जोडप्याने अनोळखी गावातलं दुकान कधी गाठायचं? म्हणून बहुतेक घरी म्हातारा-म्हातारी मागे राहतात, ती गावातलं धान्य उचलतात. कोणी गावाकडून जाणारं भेटलं की बाजरीचं पोतं त्याच्याबरोबर जातं. नाहीतर कोपीजवळच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीजवळच्या टपरीवर खातं चालू. हंगाम संपताना उचल, म्हणजे आधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटली का याचा हिशेब होतो तेव्हा टपरीचं खातंही त्यातच वळतं होतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने सांगितलं की गावात असताना तिच्या घरी आठवड्याला दोनदा वरण होतं, फडावर महिन्यातून दोनदा. मजुरी मात्र फडावर जास्त.

आणखी एक जाता जाता: शाळेत खिचडी मिळते ती घराच्या खर्चातून वजा धरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आया मला विचारतात, "सर, शाळा कधी उघडायची?" शिकवण्यासाठीच विचारतात असं पूर्वी मला वाटायचं.

आजोबा_निवृत्त

बाहत्तरच्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो, नगर जिल्ह्यात. खडी फोडायच्या कामावर होतो. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेतली लाल ज्वारी. भाकरी थापली की कडा फुटायच्या, कडवट लागायची. आई त्यात मूठभर घरची ज्वारी मिसळायची म्हणजे धाकटी भावंडं खातील. तरीही सांगतो, त्या लाल ज्वारीने आम्हाला जगवलं. मजुरीचे जे दोन-अडीच रुपये यायचे ते सगळे धान्यात गेले असते तर गूळ-मिरची-तेलाला काय उरलं असतं? आजच्या ताई तांदूळ देऊन ज्वारी आणतात हे वाचून आईची ती मूठ आठवली.

रानजाई

मी आशा कार्यकर्ती आहे, पालघरकडची. आमच्या पाड्यांवर अंत्योदय कार्डं, म्हणजे सगळ्यात गरीब घरांची, बरीच. घरात माणसं किती का असेनात, ३५ किलो. तीन माणसांच्या घरी ते पुरून उरतं, आठ जणांच्या घरी वीस दिवसांत संपतं.

मला सांगायचंय ते तांदळाबद्दल. मार्च २०२४ पर्यंत सगळ्या रेशनच्या तांदळात पोषण दाणे मिसळायचं ठरलं. शंभर दाण्यांमागे एक, लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेला. हा दाणा दिसायला किंचित वेगळा, पाण्यात तरंगतो. बायका सुपात तांदूळ पाखडतात आणि नेमका तोच दाणा वेचून फेकतात, "प्लास्टिक" म्हणून. एका घरी मी ओसरीवर बसून वेचलेले दाणे तळहातावर घेतले, त्यातला एक चावून खाल्ला, मग भात शिजवून त्यांच्याबरोबर जेवले. तेव्हा कुठे त्या घराचा विश्वास बसला. प्रत्येक पाड्यावर असं जेवायला मी एकटी किती पुरणार? धान्य पाठवताना त्याबद्दल चार शब्दही घरापर्यंत पाठवायला हवेत.

सांजवात

अबोली, सगळ्यांचं वाचलं. टेम्पोवाल्याबद्दल मी जे लिहिलं होतं ते आता तसं लिहिणार नाही. आज आमच्याकडच्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बाई, दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, डाळ, तेल यायचं, तेवढं एक कधी नाही विकलं कोणी." ते आता बंद झालंय का?

मापारी

आनंदाचा शिधा म्हणतायत त्या. २०२२ च्या दिवाळीला सुरू झाला: शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो हरभरा डाळ आणि एक लिटर पामतेल. पुढे मैदा-पोहेही आले. २०२५ च्या गणपती-दिवाळीला तो मिळाला नाही. मावशींचं म्हणणं खरं आहे, ते पाकीट कोणी विकत नव्हतं. तामिळनाडूत तर दर महिन्याला रेशनवर ३० रुपयांनी तूरडाळ आणि २५ रुपयांनी पामतेल मिळतं. आपण सणापुरतं करून दाखवलं होतं, दरमहा का करू नये? खर्च वाढेल, मान्य. मग हाच तांदूळ थोडा कमी करून डाळ द्या, आमच्या भागात कोणी कुरकुर करणार नाही.

कोकणातल्या मंडळींना हे चालणार नाही हेही ठाऊक आहे. म्हणून काय हवं ते जिल्ह्यागणिक विचारा.

आणि अबोलीताई, त्या धाकट्याच्या नावाचं काय झालं? जन्मदाखला आणि आधार घेऊन पुरवठा शाखेत अर्ज द्या, ऑनलाइनही होतो. पण आधी एक चौकशी करा: तुमच्याकडे इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेल्या माणसांच्या संख्येतली जागा, शिल्लक आहे का? राज्याला सात कोटी माणसांची मर्यादा आहे, तीही २०११ च्या जनगणनेवरून ठरलेली. त्यानंतर जन्मलेलं पोर कोणाचं तरी नाव कमी झालं तरच आत येतं. मी दर महिन्याला मयतांची आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं कळवतो ती याचसाठी.

अबोली

मापारीदादा, इष्टांक हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. सहा वर्षं हे काम करून!

काल ताईबरोबर जाऊन अर्ज दिला. खिडकीवरच्या बाईंनी नीट तपासून घेतला, पोचपावती दिली, "जागा झाली की चढेल" म्हणाल्या. कधी ते सांगितलं नाही. धाकटा पाच वर्षांचा आहे. म्हणजे पाच वर्षांचं त्याचं धान्य घराने बाजारातून आणलं, महिन्याला दीडशे रुपये धरले तरी नऊ हजार होतात. पावती तिने वहीतच चिकटवली.

आता बाकीच्या सहा वह्या घेऊन बसते. दोघींची लिहायची पद्धत वेगळी आहे, त्यांनी वस्तूंऐवजी "सकाळ", "संध्याकाळ" असं मांडलंय. ते लावून झालं की इथेच टाकेन. पाचटसर, फडावरच्या एखाद्या आईला अशी वही लिहायला जमेल का? लिहिता येत नसेल तर तुमचा विद्यार्थी लिहील. वह्या मी पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.